नगरला कुठला आलाय पूर?

बँक घरकर्ज मंजूर करण्याआधी आमच्यासारख्या मूल्यांकनकाराला साईटवर पाठवते. आमच्या अहवालाचा नमुना ठरलेला असतो. चतुःसीमा, रस्त्याची रुंदी, बांधकामाचं वय, उरलेलं आयुष्य, बाजारभाव, आणि घाईत विकायची वेळ आली तर येणारा भाव. त्यातच एक रकाना असतो: या जागेत वारंवार पाणी भरण्याची किंवा जागा बुडण्याची शक्यता आहे का? आमच्या जिल्ह्यात तो रकाना बहुतेक डोळे मिटून 'नाही' असा भरला जातो. मी सिव्हिल इंजिनिअर, सावेडीत राहते, आणि याच कामात केस पांढरे झालेत. त्या रकान्यापाशी मी थांबते, आजूबाजूचा उतार बघते, तेव्हा एजंट मंडळी अस्वस्थ होतात. एकानं मला तोंडावर विचारलं, "मॅडम, नगरला कुठला आलाय पूर? इथं प्यायला पाणी नाही अन् तुम्ही बुडायचं काय घेऊन बसला!"

त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. ऑक्टोबर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालेला हा जिल्हा पर्जन्यछायेतला. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस झोडपून काढतो. पण तो डोंगर उतरून पूर्वेला आलं, की बहुतेक तालुक्यांत वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडला तरी लोक खूश असतात. १९७२ चा दुष्काळ आमच्या आईवडिलांच्या बोलण्यात कायम असायचा. २०१२-१३ आणि २०१८-१९ चे आम्हीच पाहिले. टँकर, जनावरांच्या छावण्या, कोरडी बोअर. त्यामुळे इथला माणूस घर घेताना पाण्याविषयी भरपूर विचारतो. नळ आहे का, मुळा धरणाचं पाणी किती दिवसांनी सुटतं, बोअरला किती फुटांवर लागलं. आलेलं पाणी जातं कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

आणि भाव ठरतो तो विचारलेल्या गोष्टींवर. नगरमध्ये घराची किंमत रस्ता आणि नळ या दोन गोष्टी ठरवतात. खाली माती कोणती, शेजारून ओढा जातो का, वरचा मजला मे महिन्यात किती तापतो, याला एका रुपयाचंही वजन नाही. पाऊस जुन्या वळणानं पडत होता तोवर हे खपून गेलं.

बाजार मात्र जोरात आहे, हे आधी मान्य करते. शहरात पाईपलाईन रोड, गुलमोहर रोड ही एके काळची 'लांबची' ठिकाणं आता मध्यवस्ती झालीत. वाढ चालली आहे ती केडगाव, बोल्हेगाव, बुरुडगाव रस्ता, कल्याण रस्त्याकडे. सुप्याच्या एमआयडीसीमुळे पुणे रस्त्यावरच्या जमिनींना भाव आला. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि कोपरगाव-शिर्डीकडे प्लॉटिंगचे फलक पिकांपेक्षा दाट झाले. १ एप्रिल २०२५ ला सरकारनं रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरायच्या किमान किमतींचे, नवे दर लावले, त्यात अहिल्यानगर महापालिका हद्दीतली सरासरी वाढ ५.४१ टक्के होती. मुंबईची होती ३.३९. मुंबईकर नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते.

नगरकराला फ्लॅटपेक्षा 'आपली जागा' प्यारी. एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, त्यावर खाली दोन खोल्या, जिना बाहेरून, म्हणजे पुढेमागे वर भाडेकरू ठेवता येतो. त्यामुळे शहराच्या कडेनं शेतजमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली जाते. आणि इथूनच माझ्या धंद्यातली पहिली अडचण सुरू होते, कारण ती शेतजमीन काळी असते.

जुन्या गावांची रचना बघा. घरं पांढरीत, पिकं काळीत. गावठाण उंचवट्यावर, घट्ट पांढऱ्या मातीवर किंवा मुरमावर. काळी जमीन सखल भागात, ओढ्याच्या बाजूला. हे शास्त्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण चुकलेलं क्वचित दिसतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण पांढरी सोडून काळीत राहायला गेलो. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पाणी मिळालं की ती भिजलेल्या हरभऱ्यासारखी फुगते, वाळली की आक्रसते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला हे मानवतं. घराला नाही.

घराखाली नेमकं काय होतं ते सांगते. घर बांधलं की त्याच्या मधल्या भागाखालची माती झाकली जाते. ना ऊन, ना पाऊस, तिची ओल बऱ्यापैकी स्थिर राहते. कडेच्या भिंतींखालची माती मात्र उन्हाळ्यात वाळून खाली बसते, पावसाळ्यात फुगून वर उचलते. म्हणजे मधला भाग जागच्या जागी आणि कडा दर वर्षी वर-खाली. भिंत हे सहन करत नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी निघालेली, वर रुंद होत गेलेली भेग दिसली की मी बाहेर जाऊन आधी पन्हाळीचं पाणी कुठं पडतं ते बघते. बहुतेक वेळा ते पायाशीच पडत असतं. घरमालक म्हणतात, "गवंड्यानं माल कमी घातला." गवंड्याचा दोष असतोही, पण त्याहून मोठा दोष पायाचा. 'मुरूम लागेपर्यंत खोदा' हा जुना नियम. मुरूम आठ-दहा फुटांवर असेल तर तेवढं खोदायचं. त्याहून खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केलेली एक पद्धत आहे: जमिनीत अरुंद भोक घ्यायचं, तळाशी त्याला फुगीर गोळा काढायचा आणि त्यात सळई-काँक्रीट भरायचं. घराचं वजन खालच्या स्थिर थरावर जातं, वरची माती फुगो की आटो. प्रत्यक्षात गुंठ्यातल्या घरांना सरसकट चार-पाच फुटांवर फुटिंग दिली जाते आणि खड्ड्यातून निघालेली तीच काळी माती परत आत लोटली जाते. मुरमाचा भराव घालायचा तर ट्रॅक्टरचे पैसे वाढतात ना!

सरळ दुष्काळी हवेत हे दुखणं सावकाश वाढतं. हल्लीच्या हवेत लवकर वाढतं, कारण लांबलेला कोरडा काळ आणि त्यावर अचानक धो धो पाऊस असं चक्र झालंय. मातीचं आटणं-फुगणं दोन्ही टोकांना जातं. मध्य भारताच्या पट्ट्याचा अभ्यास पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं त्यात दिसलं. एकूण पाऊस त्या प्रमाणात वाढलेला नाही. थोड्या दिवसांत जास्त पडतो, एवढंच.

हे आकडे आमच्याकडे गावांची नावं घेऊन येतात. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीत शेवगाव-पाथर्डीतल्या नद्या घरांत शिरल्या. २०२५ मध्ये तर मे महिना संपायच्या आत, ज्या दिवसांत नगर तालुका टँकरची वाट बघतो त्या दिवसांत, खडकी-वाळकी भागात वालुंबा नदीला पूर आला. वालुंबा हे नाव त्या पंचक्रोशीबाहेर कितीजणांना ठाऊक होतं? सप्टेंबरात पाथर्डी तालुक्यात करंजीच्या बाजारपेठेत आणि घरांत पाणी घुसलं. त्याच आठवड्यात, १७ सप्टेंबरला, लोकांनी कित्येक वर्षं वाट पाहिलेली नगर-बीड रेल्वे धावली आणि त्या मार्गावरच्या जमिनींची चौकशी करणारे फोन मला सुरू झाले. एकानंही पुराचा विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात सीना फुगली, कर्जत-जामखेडकडून खाली सोलापूरच्या माढ्यापर्यंत तिनं काय केलं ते सगळ्या राज्यानं टीव्हीवर पाहिलं.

सीना ही नगर शहराचीच नदी. एरवी तिच्याकडे बघून नदी म्हणायला धीर होत नाही. सांडपाणी आणि बाभळी. पण शहराच्या वरच्या अंगाला दोन-तीन तास जोराचा पाऊस झाला, की कल्याण रस्त्यावरचा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या वसाहतींचा शहराशी संबंध तुटतो. नदीला नुसतं वरून पाणी येत नाही, ओढे-नाले ते आणतात. आणि नगरमध्ये ओढे बुजवून, पाईपात घालून, वर बांधकाम झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. ओढ्याचं पात्र पंधरा-वीस फूट रुंद, त्याच्या जागी तीन फुटी पाईप. दुष्काळी वर्षात तो पाईपही मोठाच वाटतो.

आता निळी आणि लाल रेषा. नदीकाठी घर घेणाऱ्याला हे दोन शब्द ऐकवले जातात, पण अर्थ फारसा कुणी सांगत नाही. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांनी या पूररेषा आखतो. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचतो ती साधारण निळी. शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर पोचतो ती लाल. नदीपात्र ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम निषिद्ध. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण नियमात लिहिल्याप्रमाणे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर घ्यावं लागतं. सीनेच्या पूररेषांवरून शहरात बरंच राजकारण झालं. रेषा चुकीच्या आहेत, परवानग्या अडतात, फेरसर्वेक्षण करा, ही मागणी जुनी आहे. सर्वेक्षण काटेकोर व्हावं हे मलाही पटतं. पण रेषा नकाशावर सरकवली म्हणून पाणी सरकत नाही, आणि हे मी अनेक बैठकांत बोलून वाईटपणा घेतलाय.

'पंचवीस वर्षांतून एकदा' यात एक गोम आहे. लोकांना वाटतं, आत्ता येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. तसं नाही. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात चार अशी शक्यता. आणि तुमचं कर्ज वीस वर्षांचं. हिशेब केला तर त्या वीस वर्षांत निदान एकदा तरी तो पूर बघायची शक्यता ५६ टक्के निघते, अर्ध्याहून जास्त. लाल रेषेवरच्या घराची, म्हणजे 'शंभर वर्षांतून एकदा'वाल्याची, १८ टक्के. ही गणितंही जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेली. पाऊस बदलला असेल, तर ती कमीच धरलेली आहेत.

पुरानंतर भाव पडतात का? माझ्या पाहण्यात, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसते तोवर पडतात. दिवाळीला रंग दिला की उठतात.

खेड्यात गोष्ट वेगळी. तिथं घर विकायला नसतं, त्यामुळे भावही नसतो. आमच्याकडची धाब्याची घरं मी लहानपणी आजोळी वापरलीत. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, पालापाचोळा आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यातल्या ४१-४२ अंशांत त्या घरात दुपारी झोप लागायची. पाचशे मिलिमीटर पाऊस चार महिने रिमझिम पडणार, या हिशेबानं ते छप्पर रचलेलं. दोन दिवस संततधार लागली, की माती पाणी पिऊन जड होते, आणि जुनी वाळवी लागलेली तुळई मोडते. अतिवृष्टीनंतर तलाठ्याच्या पंचनाम्यांत 'घराची पडझड' म्हणून जी नोंद होते ती बरीचशी अशी असते. आपत्ती निवारणाच्या २०२२-२६ च्या निकषांत सपाट भागातलं पूर्ण पडलेलं घर म्हणजे १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडलं तर पक्क्याला साडेसहा हजार, कच्च्याला चार हजार. गोठ्याला तीन हजार. चार हजारांत पत्र्याचे चार-पाच ताव येतात. म्हणून धाबं गेलं की त्या जागी पत्रा येतो. पाऊस थांबतो, उन्हाळा आत येतो.

शहरात पत्र्याची जागा उघड्या स्लॅबनं घेतलीय. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री घरात उष्णता सोडतं. सावेडीतल्या वरच्या मजल्यावरची माणसं एप्रिल-मेमध्ये बारा वाजेपर्यंत गच्चीत बसलेली दिसतात. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या टाइल्स, हा साधा उपाय बहुतेक बिल्डर गळती लागल्याशिवाय करत नाहीत. याच शहरात निजामशहानं सोळाव्या शतकात फराहबाग बांधला, तळ्याच्या मधोमध, खापरी नळांनी दुरून पाणी आणून. राजाची ऐट म्हणा हवं तर. पण उन्हाळा गृहीत धरून बांधलेली नगरमधली ती शेवटची मोठी इमारत असावी, असं मला कधी कधी वाटतं.

विम्याचं बोलते. घरकर्जाबरोबर बँकेनं 'विमा' कापला, म्हणजे घर सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. कागद काढून दाखवा म्हटलं की निघतो तो कर्जदाराच्या जिवाचा विमा. तो मेला तर कर्ज फिटेल. घर वाहून गेलं तर काही नाही. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. पूर, वादळ, वीज, भूकंप, जमीन खचणं हे त्यात येतं. विमा उतरवायचा तो जागेच्या भावाचा नाही, घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा. म्हणून हप्ता लोकांना वाटतो तेवढा नसतो. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण. पण बारीक अक्षरं वाचा: नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं-तडकणं, भराव घातलेल्या जमिनीची हालचाल, सदोष बांधणी, यांना भरपाई नाही. म्हणजे काळ्या मातीतल्या भेगा तुमच्याच माथी. जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे, तिथं घरांना दारंच न लावण्याची परंपरा. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं कुलपाशिवाय शाखा उघडली. चोरांचा बंदोबस्त देव करतो, यावर माझी हरकत नाही. पुराची पॉलिसी मात्र आपणच काढायची.

सध्या कार्यालयात गर्दी आहे ती गुंठेवाल्यांची. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे हे छोटे प्लॉट खरेदीखतानं घेता येत नव्हते. लोकांनी बॉण्डवर, नोटरीपुढे व्यवहार केले, सातबाऱ्यावर नाव लागलंच नाही. २०२५ मध्ये सरकारनं १ जानेवारी २०२५ पर्यंतचे शहरी भागातले तुकडे नियमित करायचं ठरवलं. चांगलं झालं, हातावर पोट असणाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी त्या बॉण्डांत अडकली होती. आता नाव लागेल, कर्ज मिळेल, भाव वाढतील. एवढंच, की तुकडे पाडताना कुणी उतार पाहिला नव्हता, आणि नियमित होणाऱ्यांत ओढ्यातले प्लॉटही असतील.

मध्यंतरी एक शिक्षक जोडपं केडगावच्या पुढचा प्लॉट घेऊन आलं. इसार द्यायच्या आधी आले, हे विशेष. मी त्यांना भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत आणायला सांगितलं. गट नंबर टाकून महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरही बघता येतं. नकाशावर शेताचे बांध बहुतेक सरळ जातात. दोन गटांमधली हद्द सापासारखी वळत गेलेली दिसली, तर तिथं ओढा आहे किंवा होता, असं धरायचं. यांच्या प्लॉटची मागची बाजू तशीच वळत होती. जागेवर सपाट मुरूम, कोपऱ्यावर रंगवलेले दगड, ओढ्याचं नावनिशाण नाही. शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं, तर त्यांनी काठीनं दाखवलं, "या इथून जायचा. बैल उतरत नव्हते पावसाळ्यात."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी त्याच ले-आऊटमधला वरच्या अंगाचा प्लॉट घेतला. चौरस फुटाला थोडा जास्त पडला, रस्ता नऊ मीटरच्या ऐवजी सहाच मीटरचा, आणि नळ अजून यायचाय.